नव्याण्णव उड्यांचे आप्पा

मुरुमच्या बाजारात मला माझ्या नावानं हाक मारणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. भाजीवाली, झेरॉक्सवाला, बँकेतला शिपाई, सगळे 'उस्ताद' म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, ही बाई एक तर तबला वाजवत असणार, नाहीतर तालीम चालवत असणार. मी दोन्हीतलं काही करत नाही. सकाळी कम्प्युटरचा क्लास घेते आणि दुपारी डिजिटल बोर्डांची डिझाइनं करून उमरग्याला छापायला पाठवते. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली. गावातल्या प्रत्येक माणसाचं नाव आयुष्यात दोन-चारदा तरी माझ्या हाताखालून जातं. हे 'उस्ताद' मला चिकटवलं हवालदार नागनाथ बिराजदारांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, मग तो वयानं केवढाही असो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि बारावीच्या आठ मुलींसमोर माझ्यापुढं टाचा जुळवल्या. मुली फिदीफिदी हसल्या. मी प्रिंटरमधले चांगले बसलेले कागद काढून पुन्हा बसवले.

आप्पा छत्रीधारी सैनिक. विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणं ही त्यांची नोकरी. आता ते पुण्याला लेकीकडं असतात, पण तेव्हा दोन महिन्यांच्या रजेवर मुरुमला आले होते. त्यांच्या पलटणीत एक नवीनच प्रकरण सुरू होणार होतं. इतकी वर्षं कुणी किती उड्या मारल्या, कुठल्या विमानातून, किती उंचीवरून, कुठली छत्री घेऊन, हे सगळं जाडजूड रजिस्टरांत हातानं लिहिलं जायचं. आता ते ऑनलाइन होणार होतं. नवी उडी झाली की त्याच दिवशी भरायची, आणि जुन्या रजिस्टरांतल्या उड्याही एकेक करून त्यात चढवायच्या. या कामाला साहेबांनी आप्पांना नेमलं. कारण काय, तर पलटणीत त्यांचं अक्षर सगळ्यात सुंदर. अक्षर चांगलं म्हणून माणसाला कम्प्युटरवर बसवायचं, हा न्याय मला त्या दिवशी कळला नाही, अजूनही कळलेला नाही.

माणूस ठेंगणा, खांदे मात्र दाराएवढे रुंद. उभे राहिले की दोन्ही पाय आणि गुडघे एकमेकांना चिकटलेले. खुर्चीत बसले तरी तसेच. एसटीतून उतरताना शेवटची पायरी ते इतरांसारखी एकेक पाय टाकून उतरत नसत, दोन्ही पाय जोडून उतरत. जमिनीवर येताना पाय फाकले तर मोडतात, हे वीस वर्षं अंगात भिनलेलं. आणि दुसरी खोड वाऱ्याची. क्लासच्या जिन्यात पाय ठेवण्याआधी ते समोरच्या कडुनिंबाच्या शेंड्याकडं बघत, चिमूटभर माती उचलून बोटांतून सोडत, आणि वर आल्यावर हजेरी दिल्यासारखं एकच वाक्य बोलत. "आज चाललं असतं, उस्ताद." किंवा, "आज न्हाय." म्हणजे आजच्या वाऱ्यात उडी मारता आली असती की नाही. मुरुमच्या बाजारपेठेत कोण कशाला उडी मारणार होतं. पण दोन महिन्यांत त्यांनी एक दिवस चुकवला नाही, आणि शेवटी शेवटी मुलीही जिन्याकडं कान लावून बसायला लागल्या.

मला पहिल्यापासून एकच उत्सुकता होती. ते ऑनलाइन दिसतं तरी कसं? लाल-निळं असतं का, विमानाचं चित्र असतं का, उडी मारणाऱ्याचा फोटो येतो का? मी बोर्ड बनवणारी बाई, मला असल्याच गोष्टी आधी सुचतात. आप्पांनी सांगितलं की ते फक्त पलटणीतल्याच कम्प्युटरवर उघडतं. मग कागदावर चित्र काढून तरी दाखवा म्हटलं, तर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"उस्ताद, माझं काय बी विचारा. पलटणीचं विचारू नका."

आता सरावाला नोंदी आणायच्या कुठून? पलटणीतलं एक नाव, एक तारीख बाहेर काढणार नाहीत, आणि खोटं नाव लिहायला बोट उचलणार नाहीत. न घडलेली गोष्ट सरावापुरती लिहिली तरी हाताला तीच सवय लागते, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस आमची गाडी तिथंच अडली. तिसऱ्या दिवशी ते एक शाळकरी वही घेऊन आले. त्यात त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत आदल्या दिवशी कोण कोण उडी मारून पोहलं, याची सगळी हकिगत. उन्हाळा होता, मळ्याच्या विहिरीवर सगळी आळी लोटायची. आप्पा काठावर वही घेऊन उभे राहायचे. नाव, वेळ, उंची, वारा, उडी सरळ की तिरपी, पाण्यात उतरला कसा, इजा, आणि शेवटचा रकाना 'पाहणारा'. पाहणाऱ्याच्या सहीशिवाय उडी धरायची नाही.

त्या फाइलीतली एक नोंद मी अजून जपून ठेवली आहे. मल्लूभाऊ, म्हणजे आप्पांचे मेहुणे, माकणीचे. तेरणेच्या धरणाकाठचं गाव, त्यामुळं पोहण्यात आपला हात धरणारा कुणी नाही असा त्यांचा समज. वजन शंभराला दोन-चार कमी. सगळ्यांना बाजूला सारून त्यांनी थारोळ्यावरून, म्हणजे काठावरच्या मोटेच्या ओट्यावरून, उडी घेतली आणि सपाट पोटावर पडले. आप्पांनी लिहिलं: 'उंची बावीस फूट. वारा शांत. उतरणे पोटावर. इजा नाही. अपमान झाला.' मी म्हटलं, आप्पा, अपमान रकान्यात बसत नाही. ते म्हणाले, झाला तर लिहायला नको का? मल्लूभाऊंनी तो शब्द खोडायला दोनदा निरोप पाठवला. शब्द खोडला गेला नाही. दाजी-मेहुण्यांत त्यावरून वर्षभर धुसफूस होती.

आणखी एक रीत त्यांनी माझ्या क्लासला लावली. उडी मारण्याआधी विमानात सगळे रांगेत उभे राहतात आणि प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीवरची छत्री तपासतो. पट्टे, गाठी, दोर, सगळं. आपली पाठ आपल्याला दिसत नसते, त्यामुळं ती मागच्याच्या हवाली. सगळं ठीक असलं की मागचा पुढच्याच्या पाठीवर जोरात थाप मारतो आणि 'ओके' म्हणतो. आप्पा नोंद टाइप करायचे, पण सेव्हचं बटण दाबायचे नाहीत. शेजारच्या मुलीकडं पाठ करून ताठ बसायचे. ती सगळी नोंद वाचायची, वहीशी ताडून बघायची, आणि मग भीत भीत त्यांच्या पाठीवर बोट टेकवायची. "असं न्हाय पोरी, लागलं पाहिजे," ते म्हणायचे. दोन महिन्यांत माझ्या क्लासमध्ये एकमेकींच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय कुणी एक अर्जसुद्धा पाठवेनाशी झाली. आजही माझ्याकडून उमरग्याला जाणारा प्रत्येक बोर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्याखालून जातो. नावांच्या चुका निम्म्यानं घटल्या, हे कबूल करायला हवं.

पुढल्या वर्षी ते आले ते शंभर उड्या पुऱ्या करून. पलटणीत शंभरी गाठणाऱ्यांच्या नावांची लाकडी पाटी होती, तिच्यावर पिवळ्या रंगात त्यांचं नाव चढलं होतं. त्यांच्या पाटीवर नाव आणि आमच्या गावात सत्कार नाही, असं कसं चालेल? मल्लूभाऊ पुढं झाले, झालं गेलं विसरून. 'शंभर उड्यांचा मानकरी' असा बारा फुटी बोर्ड मी केला आणि घाईत त्यावर इंटरनेटवरचं एक झकास विमान टाकलं. आप्पांनी सत्काराच्या हारांतून मान काढून तो बघितला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले की हे प्रवाशांचं विमान आहे, यातून उडी मारली तर आतली बाई रागवेल. त्या दिवशी तपासणारी मुलगी रजेवर होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवशी ते खूश होते, लपवून लपत नव्हतं. महादेवीअक्का, त्यांची बायको, त्यांच्याहून खूश. लग्न झाल्यापासून हा माणूस वर्षातले दहा महिने कुठल्या तरी आभाळातून खाली पडतोय, एवढंच त्यांना ठाऊक. त्याचा काहीतरी आकडा असतो आणि तो आकडा गोल झाला की गाव हार घालतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. कंबर दुखायला लागली म्हणून डॉक्टरांनी आता उड्या बंद केल्या होत्या, त्याचंही कुणाला वाईट वाटलं नाही. शंभर झाल्या होत्या, पुरे. सत्कार संपल्यावर अक्कांनी तो बोर्ड मळ्यात नेला आणि कडब्याच्या गंजीवर पांघरला. रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतूनही 'शंभर' वाचता यायचं.

त्यानंतरच्या रजेत ते क्लासमध्ये आले, पण वाऱ्याचं काही बोलले नाहीत. मी विचारलं, आज कसं? ते म्हणाले, बघितलं न्हाय. मुली गेल्यावर खुर्चीत बसून राहिले आणि मग तुकड्या-तुकड्यानं सांगायला लागले.

झालं होतं असं. त्या ऑनलाइन व्यवस्थेत माणसाच्या उड्या वेगळ्या आणि छत्रीच्या उड्या वेगळ्या नोंदवायच्या होत्या. उघडलेली छत्री पुन्हा घडी घालायला जाते, आणि घडी घालणाऱ्यांची आपली एक वेगळी वही असते. दोन्ही वह्या जुळल्या तरच उडी पक्की, नाहीतर ओळ लाल होते. आप्पा जुनी रजिस्टरं चढवत चढवत वीस वर्षं मागं पोचले आणि एका दिवसाच्या बावीसच्या बावीस ओळी लाल झाल्या. बावीस जणांनी उड्या मारल्याची नोंद, आणि एकही छत्री घडी घालायला गेलेली नाही. म्हणजे छत्र्या बांधल्या तशाच परत आल्या होत्या. त्यांनी आधी घडीवाल्यांना दोष दिला. मग रजिस्टर जवळ घेऊन बघितलं. अक्षर सुंदर होतं, आणि ते त्यांचंच होतं.

तेव्हा ते नवे शिपाई होते आणि अक्षरासाठी त्यांना रजिस्टर लिहायला बसवायचे. त्या दिवशी संध्याकाळी पलटणीचा कबड्डीचा सामना होता आणि आप्पा संघात होते. सामन्याला उशीर नको म्हणून त्यांनी सकाळीच, विमानात चढण्याआधी, यादी बघून सगळ्यांच्या उड्या लिहून टाकल्या. वर गेल्यावर वारा वाढला. विमान वळलं आणि सगळ्यांना घेऊन उतरलं. संध्याकाळी सामना जिंकले, रजिस्टर विसरले. मी विचारलं, उडी मारली नाही हे तुमचं तुम्हाला कसं आठवलं नाही? त्यांनी सांगितलं की सामना नीट आठवतो, कुणाला धरून पाडलं तेही आठवतं. पण शंभरातल्या चार-सहा सोडल्या तर बाकीच्या उड्या एकमेकींत मिसळून गेल्यात. किती झाल्या ते रजिस्टर सांगेल तेवढंच खरं, असं इतकी वर्षं धरून चाललो.

म्हणजे आप्पांच्या उड्या नव्याण्णव. आणि आता डॉक्टरांनी दार बंद केलेलं.

साहेबांनी त्यांना समजावलं होतं म्हणे. वीस वर्षांपूर्वीचं कोण बघतंय, बाकीच्यांचं दुरुस्त करा, तुमचं आम्ही बघू. आप्पांनी बावीसच्या बावीस ओळी काढल्या. मग स्वतः अर्ज देऊन पाटीवरचं आपलं पिवळं नाव खरवडून घेतलं. रंगवणारा म्हणाला, जागा मोकळी दिसेल. आप्पा म्हणाले, दिसू दे. हे मला सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, बंद पडद्याकडं बघत होते. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी चहा आणायला खाली निघून गेले.

घरी महाभारत झालं. अक्कांनी माहेरी, बहिणींत, भिशीत, सगळीकडं शंभर सांगून ठेवल्या होत्या. त्या माझ्याकडंच फिर्याद घेऊन आल्या, मागून आप्पाही आले. अक्का म्हणाल्या, "एक लिवलेली ऱ्हाऊ दिली असती तर कुणाच्या बापाचं काय जाणार व्हतं?"

आप्पा म्हणाले, "महादेवी, विमानाच्या दारात उभा ऱ्हायल्यावर माणूस म्होरं बघतो. पाठ मागच्याच्या हवाली असती. त्यानं न बघताच ओके म्हटलं तर? म्या बावीस जणांच्या पाठीवर न बघता थाप मारली."

अक्कांना ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच, हार त्यांच्या दारात पडले होते. त्या रजेत आप्पांनी गंजीवरचा बोर्ड उलटा करून पांढरी बाजू वर केली. ते गाडीत बसून गेले त्याच दिवशी अक्कांनी तो पुन्हा सुलटा केला. पुढच्या रजेला त्यांनी परत उलटवला, ते गेल्यावर अक्कांनी परत सुलटवला. एसटीतून जाताना मी गंजीकडं बघूनच सांगायची, आप्पा गावात आहेत की नाहीत.

बाकीच्या एकवीस जणांना त्यांनी एकेक करून फोन केले. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या, दोघे वारले होते तर त्यांच्या घरच्यांना सांगितलं. एकाला मात्र फोन केला नाही. तामलवाडीचे माने. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, जोडीदार. त्या दिवसानंतर वर्षभरातच मान्यांचा गुडघा गेला आणि उड्या कायमच्या थांबल्या. त्यांच्या नावावर सगळ्या मिळून सहाच होत्या. छातीवर पंखांचा बिल्ला लावायला पाच लागतात. सहातली एक गेली तरी पाच उरत होत्या, बिल्ला वाचत होता, पण हे सांगायला फोन पुरणार नाही असं आप्पांना वाटलं. तुळजापूरला देवीला जायचं निमित्त काढून त्यांनी जीप केली. अक्का होत्या, आणि मला उगाचच बरोबर घेतलं. दर्शन झाल्यावर जीप सोलापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा मला कळलं की आपण पाहणारा म्हणून आलो आहोत.

माने द्राक्षाच्या बागेत होते. लंगडत आले, आप्पांना मिठी मारली. आप्पांनी बसायच्या आधीच, उभ्या उभ्या, पाय जुळवून सगळं सांगितलं. सामना, रजिस्टर, लाल ओळी, तुझी एक कमी झाली, ती म्या खोटी लिहिली होती. मान्यांनी ऐकून घेतलं, गुडघा चोळला.

"मला ठावं हाय की नागनाथ. त्या दिवशी विमान माघारी वळलं तवा म्या देवीला नारळ बोलला व्हता. इतका भ्यालो व्हतो म्या. अन् तू त्याच दिवसाची उडी लिवून ठिवलीस, तर मला वाटलं, तू मुद्दाम दिली मला."

इतकी वर्षं एक माणूस ती न मारलेली उडी मित्रानं दिलेली भेट म्हणून सांभाळून बसला होता, आणि आप्पा ती काढून घ्यायला आले होते. मान्यांच्या मनात काहीच नव्हतं. पाच तर पाच, म्हणाले, पाच मारल्या तेच लई. त्यांनी घरातून तो बिल्ला आणून दाखवला, पुसून ठेवलेला. जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या वाटेवर मुरुम जवळ आल्यावर अक्का एवढंच पुटपुटल्या, की एवढ्या लांब कशाला आलो होतो ते आता कळलं.

निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा आप्पांनी शेवटचा प्रयत्न केला. एक उडी द्या. डॉक्टरांच्या मिनतवाऱ्या केल्या, पट्टा बांधून कंबर सरळ केली, साहेबांनी रदबदली केली, आणि एका सकाळची परवानगी मिळाली. एकच सकाळ. अक्कांनी उपास धरला. मी काय करणार, क्लासखालच्या कडुनिंबाचा शेंडा बघत उभी राहिले. पान हलत नव्हतं. उडी आग्र्याला व्हायची होती, इथून कुठच्या कुठं, पण मला वाटलं, एवढा शांत दिवस आहे तर तिकडंही असेल.

दुपारी फोन आला.

"उस्ताद, दार उघडलं. लाल दिवा लागला. हिरवा लागलाच न्हाय. वारा वाढला."

मग काय केलं, मी विचारलं.

"मग काय, जमिनीवर आल्यावर शिडीनं उतरलो. येंट्री बी म्याच केली. 'उडी झाली नाही.' साहेबांनी तपासली, ओके म्हणाले."

त्यांनी फोन ठेवल्यावर मी रडले. मुली विचारायला लागल्या, काय झालं उस्ताद. मी म्हटलं, वारा वाढला.

आमच्याकडं फौजी निवृत्त होऊन आला की त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढतात. हलगी, फेटे, फुलं, आणि वेशीजवळ मोठा बोर्ड. मल्लूभाऊ पुन्हा सगळ्यांच्या पुढं. माझ्यासमोर बसून म्हणाले, शंभरच लिहायचं. एका उडीनं काय फरक पडतो, आणि शेवटची तर विमानात बसून दारापर्यंत गेलेच होते की. वर आपल्या बहिणीचीही, म्हणजे अक्कांचीही, तीच इच्छा आहे, हेही सांगितलं. मी हुज्जत घातली नाही. बोर्ड तुमचा आहे, पण माझ्याकडून तपासल्याशिवाय काही जात नाही, तेव्हा अक्कांनाच पाठवा, म्हटलं.

अक्का दुसऱ्या दिवशी जिना चढून आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण पडद्यावरचं वाचायला वेळ घेतात. मी दोन बोर्ड शेजारी शेजारी लावून ठेवले होते. एकावर शंभर, एकावर नव्याण्णव. बाकी सगळं तेच. विमान दोन्हींवर नव्हतं, फक्त एक उघडी छत्री होती. अक्कांनी पहिला वाचला. दुसरा वाचला. परत पहिल्याकडं गेल्या आणि तिथंच थांबल्या. माझ्या मनात काय आहे ते त्यांना ठाऊक होतंच, पण हारांची हौस त्यांची होती आणि आकडाही त्यांनीच मिरवला होता. पंख्याखाली त्यांचा पदर उडत होता, तो त्यांनी धरून ठेवला.

शेवटी त्यांनी दुसऱ्या बोर्डावर बोट ठेवलं.

"ह्यो छाप. अन् नव्याण्णव मोठं कर बाई. बारीक अक्षरात लिवलं की लपवल्यावानी दिसतंय."

मी तो आकडा वाढवला. आणखी, म्हणाल्या. मी आणखी वाढवला. बोर्डाचा निम्मा भाग नव्याण्णवनं व्यापला तेव्हा त्या उठल्या. त्या संध्याकाळी एसटीतून जाताना मी बघितलं, कडब्याच्या गंजीवर पांढरी बाजू होती. आप्पा तर अजून गावात यायचे होते.

ते आले त्या दिवशी वेशीजवळ पाय ठेवायला जागा नव्हती. तामलवाडीहून माने बिल्ला लावून आले होते. जीप वळणावर आली, आप्पांनी बोर्ड बघितला आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. जीप थांबली. ते दोन्ही पाय जोडून खाली उतरले. हलगीवाल्यांना कळेना, वाजवावं की थांबावं. आप्पा बोर्डापुढं उभे राहिले आणि वरपासून खालपर्यंत, छापणाऱ्याच्या नावासकट, सगळा वाचला. मग मागं गेले, दोऱ्या ओढून बघितल्या, एक गाठ सोडून पुन्हा मारली. मल्लूभाऊंनी माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं.

पुढं येऊन त्यांनी मला विचारलं, "उस्ताद, चेक कुणी केला?"

मी अक्कांकडं बोट दाखवलं. त्या आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. आप्पा त्यांच्यासमोर गेले. मग वळले, त्यांच्याकडं पाठ केली आणि पाय जुळवून ताठ उभे राहिले. लोकांना वाटलं फोटो काढायचा आहे, दोघा-तिघांनी मोबाइल वर केले. अक्कांनी ताट माझ्या हातात दिलं. पदर खांद्यावर सारखा केला. फेट्याच्या शेमल्यापासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत सगळी पाठ त्यांनी डोळ्यांनी तपासली, शेमला थोडा बाजूला केला, आणि मग सगळ्या मुरुमसमोर त्या पाठीवर अशी थाप मारली की हारातली फुलं गळाली.

"ओके," अक्का म्हणाल्या.

आप्पा जीपकडं निघाले. चढण्याआधी क्षणभर थांबले, वेशीजवळच्या कडुनिंबाचा शेंडा बघितला, वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांतून सोडली. ती सरळ खाली पडली.

"आज चाललं असतं, उस्ताद," ते म्हणाले, आणि जीपमध्ये चढले.